थरथरत्या हातांची सेवा

आमच्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत माझ्या हस्ताक्षरातील काही शे नावे आहेत. सुरुवातीच्या पानांवरील अक्षर ठसठशीत आणि मोकळे आहे. पुढे पुढे ते आक्रसत गेलेले दिसते. माझ्या वयाच्या ५८व्या वर्षाच्या सुमारास तर ओळीच्या आरंभी बरे असलेले अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढे झाले आहे. एका रविवारी वही मिटता मिटता माझ्या पत्नीची नजर त्या पानावर पडली. ती म्हणाली, “अहो, शाई संपत आली होती की जागा?” मी चष्म्याला दोष दिला. चष्मा बदलला. अक्षर काही बदलले नाही.

मी नगर जिल्ह्यातील एका लहान गावच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होतो. रविवारची उपासना चालवावी, प्रवचन करावे, बालकांचा बाप्तिस्मा करावा, लग्ने लावावीत, गेलेल्यांना प्रार्थनापूर्वक माती द्यावी आणि आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसावे, असे पाळकाच्या सेवेचे स्वरूप असते. ही सेवा मी ३० वर्षांहून अधिक काळ केली. त्यातील शेवटची सात वर्षे कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या सोबतीने गेली. आणि त्या सातांपैकी पहिली दोन वर्षे मी तो आजार लपवण्यात घालवली. त्या दोन वर्षांविषयी, आणि ती कशी संपली याविषयी, येथे सांगावयाचे आहे. हे पाक्षिक ज्या घरांत वाचले जाते त्यांपैकी काही घरांत आजही कोणी ना कोणी असेच काही लपवीत असेल, असे मला वाटते.

अक्षराच्या मागोमाग इतरही खुणा आल्या होत्या. फोडणीचा वास येईनासा झाला होता. स्वस्थ बसलो असता उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एखादी गोळी वळत असल्यासारखी आपोआप हलत. सदऱ्याची बटणे लावण्यास फार वेळ लागे. शेवटी पत्नीच्या आग्रहावरून मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला खोलीत चालावयास लावले, बोटे भराभर एकमेकांवर टेकवावयास सांगितले, मनगट हातात घेऊन फिरवून पाहिले, आणि मग शांतपणे रोगाचे नाव सांगितले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. मेंदूच्या एका विशिष्ट भागातील, डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात आणि पुष्कळांना कंप सुटतो. “आजार समूळ जाणार नाही, परंतु औषध आणि व्यायाम यांच्या मदतीने तुम्ही अनेक वर्षे काम करू शकाल,” असे डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या वाक्याचा उत्तरार्ध मी ऐकलाच नाही. घरी येताना वाटेत पत्नीला एवढेच म्हणालो, “मंडळीत कोणाला बोलू नकोस.”

असे का म्हणालो, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. लोक कीव करतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी होती की, जो दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करतो त्याचीच प्रार्थना ऐकली गेली नाही, असे लोक म्हणतील. आणि सगळ्यांच्या तळाशी, कबूल करावयास लाज वाटावी असे, आणखी एक कारण होते. व्यासपीठावर ताठ उभा राहून खणखणीत आवाजात बोलणारा पाळक ही माझी प्रतिमा मला प्रिय झाली होती. तिलाच मी सेवा समजत होतो.

लपवण्याच्या युक्त्या माणसाला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. हात झग्याच्या खिशात ठेवावा, कोणाकडे गेल्यास चहा नाकारावा, सही करावयाची कागदपत्रे घरी आणावीत, चाल मंदावली की गुडघेदुखीचे नाव पुढे करावे. यातील एक युक्ती मात्र घातक होती. रविवारी व्यासपीठावर हात स्थिर राहावा म्हणून मी औषधाच्या वेळा आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू लागलो. सकाळची गोळी उशिरा घ्यावी, कधी अर्धी गोळी अधिक घ्यावी, असे प्रकार सुरू झाले. एका रविवारी प्रार्थना संपवून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाकाला धरून कसाबसा सावरलो. हे डॉक्टरांना कळले तेव्हा ते प्रथमच माझ्यावर रागावले. ही औषधे आपल्या मनाने वाढवणे जसे धोक्याचे, तसेच ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावे तसे समजावून सांगितले.

पार्किन्सन्सच्या कंपाची एक तऱ्हा आहे. हात स्वस्थ असताना तो अधिक जाणवतो आणि हात कामात गुंतला की बहुधा ओसरतो. म्हणूनच व्यासपीठाची कड घट्ट धरून मी प्रवचन करीत असे, तेव्हा कोणाच्या ध्यानात काही येत नसे. परंतु एखादी वस्तू धरून हात पुढे तसाच ठेवला, तर काही क्षणांनी ओसरलेला कंप पुन्हा परत येऊ शकतो. हे मला ठाऊक नव्हते. ते मला प्रभुभोजनाच्या तबकाने शिकवले.

येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांबरोबर जे भोजन केले, त्याच्या स्मरणार्थ आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतो. आमच्या मंडळीत हा रस काचेच्या अगदी लहान पेल्यांतून देतात. पेले धातूच्या तबकात ओळीने मांडलेले असतात. पुढच्या बाकांपुढे तबक घेऊन पाळकाने स्वतः जावयाचे, असा आमच्याकडचा प्रघात. त्या वेळी कोणी बोलत नाही. पंख्याचा आवाजही मोठा वाटावा इतकी शांतता असते.

त्या रविवारी मी पहिल्या बाकापुढे तबक धरून उभा राहिलो आणि काही क्षणांत पेले वाजू लागले. आधी किणकिण, मग खणखण. माझा आजार मंडळीने पाहण्याआधी असा ऐकला. मी तबक आवळून धरले तसा कंप वाढला. दोन पेले कलंडले आणि पुढे बसलेल्या एका आजींच्या पांढऱ्या पातळावर रस सांडला.

या आजी मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका होत्या. वय ८० च्या पुढचे. त्यांनी पदराकडे पाहिलेसुद्धा नाही. दोन्ही हात तबकाच्या खाली लावून त्या उठून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सावकाश, पाळकसाहेब. आम्हांला कुठे गाडी गाठायची आहे?” मग त्या माझ्याबरोबर एक एक पाऊल टाकीत पहिल्या बाकापासून चौथ्या बाकापर्यंत आल्या. पेले अधूनमधून वाजत राहिले. पण पुन्हा एकही सांडला नाही.

त्या दुपारी मी जेवलो नाही. राजीनाम्याचा मजकूर मनात तयार होता. संध्याकाळी पत्नीपाशी तो विषय काढला, तेव्हा माझ्या समजुतीप्रमाणे ती माझे सांत्वन करावयास हवी होती. ती रागावली. “देवाला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मग दोन वर्षे आपण हे लपवतो आहोत ते कोणापासून? दर रविवारी तुमच्या हाताकडे कोणी पाहत तर नाही ना, हे मी शेवटच्या बाकावरून पाहत असते. दोन वर्षांत मी एकही प्रवचन ऐकलेले नाही, ठाऊक आहे तुम्हांला?”

मला ते ठाऊक नव्हते. माझे गुपित मी एकटाच वाहतो आहे असे मी धरून चाललो होतो. त्याचा जड भाग तिच्या डोक्यावर होता.

रात्री झोप येईना. बायबलच्या निर्गम या पुस्तकातील १७वा अध्याय मी अनेकदा प्रवचनासाठी घेतला होता. तोच पुन्हा उघडला. इस्राएली लोकांवर अमालेकी चाल करून येतात. यहोशवा रणात लढतो आणि वृद्ध मोशे टेकडीवर हात उंच धरून उभा असतो. हात वर असतात तोवर इस्राएलाची सरशी होते; हात खाली आले की पीछेहाट. पण माणसाचे हात किती वेळ वर राहणार? ते जड होतात. तेव्हा त्याच्याबरोबरचे दोघे, अहरोन आणि हूर, एक दगड आणून त्याला त्यावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी एकेक हात उचलून धरतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात.

आजवर मी या कथेत मोशेचा विश्वास पाहिला होता. त्या रात्री मला दगड दिसला. नेतृत्व करणाऱ्याने सर्वांच्या देखत खाली बसावे आणि दुसऱ्यांना आपले हात धरू द्यावेत, यात त्याला कमीपणा वाटला असे त्या अध्यायात कुठेही म्हटलेले नाही. प्रेषित पौलाचेही तसेच. त्याला कसली तरी शारीरिक व्यथा होती. ती शरीरात सलणाऱ्या काट्यासारखी आहे, असे तो करिंथच्या मंडळीला लिहितो. ती दूर व्हावी म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. व्यथा दूर झाली नाही. आपली कृपा तुला पुरेशी आहे, माझे सामर्थ्य दुर्बळतेतच पूर्णत्वास जाते, या अर्थाचे उत्तर तेवढे मिळाले. हा भाग मी कितीतरी रुग्णांच्या उशाशी वाचला होता. स्वतःला उद्देशून तो त्या रात्री प्रथमच वाचला.

पुढच्या रविवारी प्रवचनाऐवजी मी मंडळीला सर्व काही सांगितले. रोगाचे नाव, औषधे, दोन वर्षांची लपवाछपवी, सारे. त्यानंतर पंचमंडळी बसली. तेथे सर्वांनी गहिवरून मला थांबवले, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. एका पंचांनी स्पष्टच विचारले, “पाळकसाहेबांना विश्रांती देणे अधिक योग्य नाही का? मंडळीचेही काम आहे.” मला ते लागले, पण त्यांचे चुकले नव्हते. दुर्बळता असूनही सेवा करणे म्हणजे जागा अडवून बसणे नव्हे. म्हणून आम्ही एक यादी केली. मोटारसायकल त्याच आठवड्यात बंद. तबक वडीलमंडळी नेतील. खोदलेल्या कबरीच्या काठावर मी उभा राहणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ त्याच्या वडिलांच्या हातात राहील, मी फक्त पाणी लावीन. नोंदवही दुसरे कोणी लिहील, मी सही करीन. प्रवचन मी करीन, पण बसून, ध्वनिक्षेपकावर आणि १५ मिनिटांच्या आत. या शेवटच्या अटीवर कोणीही हरकत घेतली नाही, हे नमूद करावयास हवे.

त्या काळात केडगावच्या पंडिता रमाबाईंची मला वारंवार आठवण होई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असा त्यांचा मानस होता. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. पण त्यांचे काम थांबले नाही. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी मुक्ती मिशन उभारले, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. छपाईचे खिळे जुळवणारे हात तेथल्या स्त्रियांचेच होते. एक मार्ग बंद झाला म्हणजे सेवा संपली असे नाही. आणि मोठे काम एकाच माणसाच्या दोन हातांनी क्वचितच होते.

माझ्या कामातील एक गोष्ट तर आजारामुळे सुधारली. पूर्वी मी आजाऱ्यांच्या घरी जात असे तो घाईत. प्रार्थना करावी, दोन शब्द धीराचे बोलावेत आणि पुढच्या घरी जावे. आता मी हळू चालतो, हळू बोलतो, आणि बसलो की लवकर उठत नाही. अर्धांगवायूने आजारी असलेले एक शेतकरी गृहस्थ सुनेच्या हातून घास घेण्यास तयार नव्हते. डाव्या हाताने खाण्याच्या हट्टापायी निम्मे अन्न सांडत, आणि कोणी पाहू नये म्हणून पुरेसे खातच नसत. मी गेलो तेव्हा चहा आला. माझा पेला नेहमीप्रमाणे अर्धाच भरलेला होता, आणि पत्नीने तो खालून धरला होता. त्यांनी बराच वेळ पाहिले. म्हणाले, “तुम्हांला चालतं हे?” मी म्हणालो, “पहिल्यांदा चाललं नाही. दोन वर्षं लागली.” आम्ही निघेपर्यंत ते दुसरे काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात सुनेने सांगितले, “मामा आता रात्रीचं जेवण माझ्या हातून घेतात. सकाळचं मात्र स्वतःच.” मला ती वाटणी फार शहाणपणाची वाटली.

आजार देवाने धाडला असे मी मानीत नाही, आणि आजार ही चांगली गोष्ट आहे असेही म्हणणार नाही. बरे वाटावे म्हणून मी प्रार्थना केली आहे, आजही करतो. हात आजही थरथरतो. गोळी ठरल्या वेळी घेतो. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतल्यास ती काहींच्या बाबतीत नीट शोषली जात नाही, म्हणून मला ती जेवणाच्या अर्धा तास आधी घेण्यास सांगितले आहे. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. या आजारात आवाज बारीक होतो आणि तो बारीक झाला आहे हे बोलणाऱ्याला कळत नाही. म्हणून रोज सकाळी मी मोठ्याने वाचन करतो. उंबरठ्याशी कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी कोणी ओढू नये. मी क्षणभर थांबतो, रेव्हरंड टिळकांच्या एखाद्या भजनाचा ठेका मनात धरतो आणि त्या ठेक्यावर पाऊल उचलतो. तालाने पाय सुटतात, हे फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवले. भजन माझे मी निवडले.

आता दोन शब्द सांभाळ करणाऱ्यांसाठी. रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची सुंदर पद्धत अलीकडे मराठीत रुळली आहे. मोशेच्या कथेत शुभंकर दोघे होते, हे विसरू नये. दिवसभर दुसऱ्याचे हात एकट्याने उचलून धरले तर धरणाऱ्याचेही हात जड होतात. आमच्या घरी हे ओळखावयास उशीर झाला. पत्नीची पाठ धरली, झोप तुटू लागली, तेव्हा कोठे मंडळीतील दोन कुटुंबांना मी विनंती केली. आता दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्यापैकी कोणी तरी माझ्याबरोबर बसते आणि ती बाहेर जाते. कोठे जाते ते मी विचारीत नाही. शुभार्थ्यांना माझे हेच सांगणे आहे की, मदत मागणे हे आपलेच काम आहे. आपल्या शुभंकराने आपल्यासाठी आणखी एक माणूस मागावा, अशी वाट पाहत बसू नये. बहुतेकदा तो मागत नाही.

हा लेख मी सांगितला आणि पत्नीने लिहून घेतला. पौलाचे रोमकरांस पत्रही असेच आहे. शब्द पौलाचे, लेखणी तर्तियस नावाच्या एका माणसाची. त्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तर्तियस मध्येच एक वाक्य स्वतःचे घालतो आणि वाचकांना आपलाही सलाम कळवतो. लेखणी ज्याच्या हाती असते, त्यालाही काही सांगावयाचे असते. म्हणून शेवटची ओळ तिला दिली आहे.

“लिहून घेणारीचा सर्वांना सलाम. वर सांगितले आहे ते खरे आहे, फक्त प्रवचन १५ मिनिटांत कधीच संपत नसे. आणि गुरुवारी मी माझ्या मैत्रिणीकडे जाऊन नुसती बसते.”